रानातून तळ्यात उतरताना

विदर्भात कोळी गोळा करायचे तर नवरात्राच्या आगेमागे निघावं. पावसाळाभर कात टाकत वाढलेले कोळी तोवर वयात आलेले असतात, जाळी ताजी असतात, आणि रानातली वाट चिखलाची असली तरी चालता येते. वयात आलेले, हे सगळ्यात महत्त्वाचं. कोळ्याची जात रंगावरून ठरत नाही आणि आकारावरून तर नाहीच. नराच्या तोंडाशी पायांसारखे दोन आखूड अवयव असतात, त्यांना पाल्प म्हणतात. पूर्ण वाढलेल्या नरात त्यांची टोकं फुगलेली असतात आणि त्या फुगीर भागाची घडण प्रत्येक जातीत वेगळी असते. बहुतेक कुळांतल्या मादीच्या पोटाखाली एक कठीण, गडद चकती असते, तिचंही तसंच. हे दोन्ही शेवटची कात टाकल्यावरच पुरतं तयार होतं. पिल्लू पकडून आणलं तर फार तर त्याचं कूळ कळतं, कधी प्रजाती, म्हणजे कुळातला जवळच्या जातींचा गट, कळते. तिथून पुढे वाट बंद.

मी प्राणिशास्त्र शिकवते, आणि एम.एस्सी.च्या मुलांना घेऊन गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात जाते. कोळी काय, कॉलेजच्या कुंपणावरही मिळतात. पण इथे रान आणि पाणथळ एकमेकांना चिकटून आहेत, आणि मला मुलांना दाखवायचं असतं ते नेमकं हेच चिकटणं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी उतार हेरून, पाळी, म्हणजे मातीचे बांध, घालून ते बांधले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे शेतसारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची व्यवस्था, गेली, तलाव सरकारजमा झाले, पण त्यांची रचना आहे तशीच राहिली. वरच्या अंगाला रान, मध्ये पाणी, खाली पाळ, आणि पाळीच्या पलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. रानाच्या बाजूने तलावात उतरायला लागलं की आधी ऐन, बिजा, धावडा, तेंदू. मग बोरीची झुडपं. मग कमरेएवढं गवत. मग पायाखालची जमीन मऊ होते आणि देवधान सुरू होतं, म्हणजे तलावात आपोआप उगवणारं रानटी धान. त्याच्या पुढे कमळं आणि उघडं पाणी. चालायला पाच मिनिटंही लागत नाहीत. तेवढ्यात कोळी तीन-चार वेळा बदलतात. गवतात ढिगाने दिसणारी जात देवधानात औषधालाही मिळत नाही.

नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प 2013 मध्ये जाहीर झाला. त्याच्या हद्दीत आम्ही जात नाही. आमचं काम बाहेर, गावाच्या सामूहिक वनहक्काच्या रानात आणि गावच्या तलावावर चालतं. त्यासाठी वनखात्याचं पत्र लागतं आणि ग्रामसभेचा होकारही लागतो. कायदा म्हणतो म्हणून तर आहेच, पण रान त्यांचं आहे, तेव्हा विचारायला हवं. पहिल्यांदा ग्रामसभेत उभी राहिले तेव्हा मागे बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "मकडी धरून का करता जी मॅडम?"

प्रश्न सरळ होता, उत्तरही सरळच द्यायला हवं होतं. मी सांगितलं की जगात नोंदलेल्या कोळ्यांच्या जातींनी 2022 मध्ये पन्नास हजारांचा आकडा ओलांडला आणि दर वर्षी त्यात नव्या जातींची भर पडते आहे. ठाणे-कल्याणसारख्या गजबजलेल्या भागातून 2021 मध्ये एका नव्या कोळ्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि 26/11 ला कसाबला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचं नाव त्याला दिलं गेलं. माणसांच्या एवढ्या गर्दीत नवा कोळी सापडतो, तर तुमच्या तलावावर काय काय असेल, आणि ते कुणी लिहून ठेवलं आहे का? आजोबांनी थोडा विचार केला. "लिवसान त मंग आमालेबी द्या," ते म्हणाले. तेव्हापासून आमची यादी मराठीत लिहून ग्रामसभेकडे जाते. कॉलेजच्या अहवालापेक्षा मला ती अधिक मोलाची वाटते.

रानात आमचं सगळ्यात कामाचं हत्यार म्हणजे पांढऱ्या कापडाची छत्री. ती उलटी करून फांदीखाली धरायची आणि काठीने फांदीवर नेमके दोन-तीन ठोके द्यायचे. फांदी झोडायची, मोडायची नाही. छत्रीत वाळकी पानं पडतात, अळ्या पडतात, मुंग्या पडतात, आणि त्यांच्यातून पाय आडवे पसरून तिरके सरकणारे खेकडा-कोळी आणि टुणकन उडी मारणारे कोळी बाहेर येतात. मुलांचे हात सुरुवातीला त्या उड्या मारणाऱ्यांच्या मागे धावतात. दुपारपर्यंत ते शांत होतात आणि मग खरं दिसायला लागतं.

गेल्या खेपेला छत्रीत एक तांबडी मुंगी पडली, पानं शिवून घरटं करणाऱ्या मुंग्यांपैकी. तिच्या तोंडात दुसरी एक छोटी मुंगी होती. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. ती कापडावरून झपझप चालत होती, थांबत होती, मिशा हलवत होती. छत्रीच्या काठावर पोचली आणि खाली घसरली. घसरली ती जमिनीवर पडलीच नाही, वीतभर खाली हवेत लोंबत राहिली. भिंगातून पाहिलं तेव्हा तिच्या पोटाच्या टोकापासून छत्रीच्या काडीपर्यंत एक धागा दिसला. मुंगीला असा धागा सोडता येत नाही. मग एक एक गोष्ट उलगडत गेली. मिशा नव्हत्याच, पुढचे दोन पाय वर धरून हलवले जात होते. कमरेशी दोनदा बारीक झालेलं अंग कोळ्याचंच होतं. आणि तोंडातली 'छोटी मुंगी' म्हणजे त्या नराचे स्वतःचे जबडे, अंगाच्या मानाने अवाढव्य, पुढे काढलेले, टोकाशी गडद ठिपके असलेले. त्यामुळे बघणाऱ्याला वाटावं की एक मुंगी दुसरीला उचलून नेते आहे. चावऱ्या मुंग्यांच्या वाटेला पक्षी आणि सरडे सहसा जात नाहीत. त्या भीतीचा आडोसा घेऊन हा कोळी जगतो. खुद्द मुंग्यांपासून मात्र तो अंतर राखून असतो, कारण त्याची लबाडी त्यांच्यापुढे चालत नाही. मायर्माप्लाटा प्लाटालिऑइडिस हे त्याचं नाव. फोटो काढले आणि त्याला त्याच फांदीवर सोडलं. जो कोळी फोटोवरून खात्रीने ओळखता येतो तो कुपीत घालायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. सोनेरी धाग्यांची मोठी जाळी करणाऱ्या, बोटाएवढ्या नेफिला मादीकडे मुलांचे डोळे हमखास जातात. तीही जाळ्यातच राहते.

झाडांच्या खोडांवर हर्सिलिया असतो, सालीला इतका चपटा चिकटलेला की हात खोडावर ठेवेपर्यंत दिसत नाही. त्याच्या मागे दोन लांब शेपट्या दिसतात, त्या सूत काढायच्या नळ्या. भक्ष्याभोवती गरागरा फिरत तो त्यांनी त्याला बांधून टाकतो.

पण रानातलं खरं धन पायाखाली असतं. पालापाचोळा मूठमूठ घेऊन चाळणीत टाकायचा, खाली पांढरं कापड अंथरायचं, चाळायचं आणि थांबायचं. हे थांबणं शिकवावं लागतं. चाळून झाल्याझाल्या कापडावर नुसती माती दिसते, कारण धक्का बसला की बारके कोळी पाय आखडून निपचित पडतात. मिनिटभराने मातीतला एक नारिंगी कण चालायला लागतो. दोन मिलिमीटरांचा, पोटावर कठीण पत्रे असलेला, आठाऐवजी सहाच डोळ्यांचा. ऊनोपिडी कुळातला. असल्या बारक्यांची ओळख सूक्ष्मदर्शकाशिवाय होत नाही आणि आपल्याकडे त्यांच्यावर काम फार थोडं झालं आहे. इथे आम्ही कुपी उघडतो.

जमिनीवर हिंडणाऱ्यांसाठी प्लॅस्टिकचे पेले पुरतो, कड मातीच्या पातळीशी नीट जुळवून. कड एवढीशी जरी वर राहिली तरी कोळी वळसा घालून निघून जातो. पेल्यात मिठाचं पाणी आणि साबणाचे दोन थेंब. बऱ्याच ठिकाणी इथिलीन ग्लायकॉल वापरतात, त्यात नमुने चांगले टिकतात. पण ते चवीला गोड आणि विषारी असतं, आणि या रानात गावाच्या शेळ्या चरतात. मिठाच्या पाण्यात रोज सकाळी जाऊन पेले रिकामे करावे लागतात, एवढाच फरक. पेल्यांत नर जास्त सापडतात. मादी आपल्या जागेवर असते, तिला शोधत वणवण करणारा नर खड्ड्यात पडतो. पेल्यातल्या मोजणीवरून 'या रानात नर जास्त' असं कुणी लिहिलं तर ते चुकीचं ठरेल, हे मुलांना मुद्दाम सांगते. कुठली पद्धत वापरली ते नमुन्यासोबत लिहायचं ते यासाठीच.

रान संपतं तिथे बोरीच्या झुडपांवर स्टेगोडिफसच्या वसाहती असतात, मळकट जाळ्यांचे गुंते, आत वाळक्या पानांचा गोळा, आणि त्या एकाच घरात राहणारे कितीतरी कोळी. कोळी म्हणजे एकलकोंडा, समोर येईल त्याला खाणारा, ही समजूत या झुडपापाशी मोडते. हे एकत्र शिकार करतात, एकत्र खातात. पिल्लं मोठी होत आली की माद्या त्यांना आपलं अंगच खाऊ देतात. हे सांगितल्यावर मुलं थोडा वेळ गप्प होतात. मीही पुढचं काही बोलत नाही.

गवतातून खाली उतरलं की छत्री, चाळण, पेले सगळं निकामी. पेला पुरला की तासाभरात खालून पाणी भरतं. इथे गमबूट, हातात काठी, आणि प्रत्येक पावलाआधी काठीने गवत हलवणं, कारण बेडकांच्या मागे साप येतात. कोळी काढायची रीतही इथे वेगळी. पाण्यातल्या गवताचा एक पुंजका निवडायचा आणि तो पायाने हळूहळू दाबत पाण्याखाली न्यायचा. क्षणभर काही होत नाही. मग गवताच्या मुळांतून कोळी वर यायला लागतात, पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन कोरडेठाक चालू लागतात. त्यांच्या अंगावरच्या केसांना पाणी शिवत नाही. लांडगा-कोळी, म्हणजे जाळं न विणता पळून शिकार करणारे, तर पाण्यावरून जमिनीवरून पळावं तसे पळतात. पाय उचलला की पुंजका पुन्हा उभा राहतो आणि आम्ही न घेतलेले कोळी परत आत शिरतात. कुणाचं घर मोडत नाही, म्हणून ही रीत मला विशेष आवडते.

देवधानाच्या काड्यांवर टेट्राग्नाथा. चालायला लागेपर्यंत तो काडीचाच भाग असतो. चार पाय पुढे, दोन मागे, सगळे एका रेषेत ताणलेले, अंग लांबट, पिवळट हिरवं. आखूड असा तिसरा जोड तेवढा काडीला मिठी मारतो. मी मुलांना एक काडी दाखवते आणि यावर कोळी आहे, शोधा, म्हणते. डोळ्यांपासून अर्ध्या हातावर काडी असते, तरी दिसत नाही. मग मी काडी अलगद फिरवते. मी जितकी फिरवीन तितका तो पलीकडे सरकतो, काडी कायम माझ्या आणि त्याच्या मध्ये राहील असा. संध्याकाळी हेच टेट्राग्नाथा पाण्यावर आडवी जाळी ताणतात, अगदी पृष्ठभागालगत, आणि पाण्यातून वर येणारे डास, चिलटं त्यांत अडकतात.

कमळाच्या पानांकडे जायचं तर गावातले ढिवर समाजाचे एक भाऊ आम्हाला डोंग्यातून नेतात. पानांच्या काठाशी मासेमार कोळी बसलेला असतो, मागचे पाय पानावर आणि पुढचे पाण्याच्या पृष्ठभागावर टेकवलेले. बुडणाऱ्या किड्याची थरथर त्याला पायांतून कळते. डोंग्याची लाट त्याच्यापर्यंत गेली की तो पानाच्या देठावरून सरळ पाण्याखाली जातो, अंगाभोवती हवेचा चकाकता पापुद्रा घेऊन, आणि बराच वेळ वर येत नाही. भाऊंना हे सगळं माहीत होतं. नाव तेवढं माहीत नव्हतं, आणि मासे धरायला नावाची गरज पडत नाही. तो लहान मासोळ्या कधी धरतो, मादी अंड्यांची गोळी कशी पोटाखाली जबड्यांत धरून हिंडते, हे त्यांनी वल्हं न थांबवता सांगितलं. गोळी जबड्यांत असेल तर हा मासेमारांचा गोतावळा, आणि मागे सुताच्या नळ्यांना चिकटवलेली असेल तर लांडगा-कोळी. पुस्तकात शिकवतो तो फरक त्यांनी पाण्यावर शिकवला.

त्याच तलावाच्या एका कोपऱ्यात बेशरम माजली आहे. गुलाबी फुलांची, गुरंही तोंड लावत नाहीत अशी. त्या दाटीत आम्ही पुंजके दाबले, काड्या फिरवल्या. टेट्राग्नाथा दिसला नाही. दिसले ते बांधावरच्या झुडपांत जाळी करणारे कोळी. पाणी तेच, तलाव तोच, पण देवधान गेलं की त्याचे कोळीही गेले. भंडारा-गोंदियात ढिवर समाजाच्या लोकांनी काही तलावांतली बेशरम उपटून तिथे देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. मासे परत यावेत म्हणून त्यांनी ते केलं. तिथे कोळ्यांची मोजणी आधी आणि नंतर कुणीतरी करायला हवी होती असं मला फार वाटतं, आणि आता ज्या तलावात हे काम व्हायचं आहे तिथे ती आम्ही करून ठेवतो आहोत.

रात्री जेवणं झाली की पुन्हा बाहेर. बॅटरी हातात धरून उपयोग नाही, ती कपाळावर डोळ्यांच्या रेषेत हवी. लांडगा-कोळ्याच्या डोळ्यांच्या तळाशी चमकणारा पडदा असतो. तो उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतो, त्यामुळे उजेडाचा उगम आपल्या डोळ्यांशेजारीच असावा लागतो. तलावाच्या काठचं गवत पाहिलं की मुलं म्हणतात, दव पडलंय. मी म्हणते, त्यातल्या एका थेंबाकडे चालत जा. दवाचा थेंब पाऊल टाकलं की रंग बदलतो, विझतो. हा हिरवट ठिपका विझत नाही, आणि जवळ गेल्यावर त्याला आठ पाय फुटतात. त्या रात्री एका मुलीला एकाच जागी ठिपक्यांचा झुबकाच दिसला. ती वाकली. लांडगा-कोळ्याची मादी होती आणि तिच्या पाठीवर, डोक्यापासून पोटापर्यंत, एकावर एक थर लावून पिल्लं बसलेली होती. प्रत्येक पिल्लाचे डोळे चमकत होते. मादी पूर्ण वाढलेली होती, त्या काठावरून तोवर आम्हाला हवी असलेली एकही मादी मिळाली नव्हती, आणि कुपी तिच्या हातात उघडीच होती. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने झाकण लावलं आणि आम्ही दोघी ती मादी गवतात दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उकिडव्या बसून राहिलो. पिल्लं पाठीवर असलेली मादी घ्यायची नाही, असा नियम कुठल्या पुस्तकात नाही. आमच्यात आहे.

पाळीच्या खालच्या बांध्यांत हेच लांडगा-कोळी धानाच्या बुंध्यांशी राहतात, आणि इथे त्यांच्याशी माणसाच्या पोटाचा संबंध येतो. निसवलेल्या धानावर तुडतुडे पडले की शेतकऱ्याची झोप उडते. तुडतुडे बुंध्याशी बसून रस शोषतात आणि बांधीच्या बांधी करपल्यासारखी वाळते. फवारा मारणं साहजिक आहे. पण फवाऱ्याने तुडतुड्यांबरोबर कोळीही मरतात. तुडतुड्यांची अंडी धानाच्या काडीत सुरक्षित असतात, ती काही दिवसांत फुटतात, आणि तोवर त्यांना खाणारं कुणी उरलेलं नसतं. इंडोनेशियाने हे मोठ्या प्रमाणावर भोगलं. तिथे 1986 मध्ये भातावर वापरली जाणारी 57 कीटकनाशकं सरकारी आदेशाने बंद केली गेली, आणि शेतकऱ्यांना बांधावर बसून कोळी, भुंगेरे ओळखायला शिकवण्याचे वर्ग पुढे गावोगावी चालले. ज्या कोळ्यांनी ते पाऊल उचलायला लावलं त्यांत पार्डोसा स्यूडोअॅन्युलाटा हा लांडगा-कोळी अग्रभागी होता, आणि तो आपल्याकडच्या बांध्यांतही आहे. ग्रामसभेला दिलेल्या यादीत त्याच्यापुढे मी हे सविस्तर लिहिलं. पुढच्या वेळी धुऱ्यावर एक शेतकरी थांबले आणि त्यांनी बुंध्यातून काढून तळहातावर ठेवलेला एक कोळी दाखवला. "हेच का जी ते?" तेच होतं.

आता कुपीचं. सत्तर-पंचाहत्तर टक्के अल्कोहोल, त्यात कोळी. काही सेकंद लागतात. पाय आत वळतात, कारण कोळ्याला पाय लांब करायला मुख्य सांध्यांत स्नायूच नसतात. तो रक्ताच्या दाबाने पाय ताणतो, आणि दाब गेला की पाय आपोआप मिटतात. हे मी मुलांना बघायला लावते. कुणी तोंड फिरवलं तर रागावत नाही, पण नंतर पुन्हा बोलावते. आपण काय करतो आहोत हे पाहिलेलं असावं. ते पाहिल्याशिवाय चिठ्ठीचं मोल कळत नाही.

चिठ्ठी म्हणजे बोटाच्या पेराएवढा जाड कागद. शिसपेन्सिलीने लिहायचं, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख, पद्धत, कुणी गोळा केलं. आणि अधिवास. या शेवटच्या शब्दापुढे मुलं 'जंगल' किंवा 'पाणथळ' लिहून मोकळी होतात. मी ती चिठ्ठी परत देते. ऐनाच्या खोडावर, जमिनीपासून किती उंचीवर? पालापाचोळ्यात, बांबूच्या की सागाच्या? देवधानाच्या काडीवर, पाण्यापासून किती अंतरावर? चिठ्ठी कुपीच्या आत, कोळ्याशेजारी जाते. बाहेर चिकटवलेली सुटते आणि हरवते.

बी. के. टिकादर यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात, पुण्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात असताना आणि नंतरही, महाराष्ट्रातल्या कितीतरी कोळ्यांची पहिली वर्णनं लिहिली. आज नवा माणूस कोळ्यांकडे वळला की सुरुवात अजूनही त्यांच्याच कामापासून होते. पण एखादी जात पुन्हा तपासायची वेळ आली की वर्णन आणि आकृती पुरत नाहीत. मूळ कुपी आणि तिच्यातली चिठ्ठी बघावी लागते. जुन्या संग्रहांतल्या कित्येक कुप्यांवर नुसतं जिल्ह्याचं नाव असतं. कोळी शाबूत असतो, पाल्प मोजता येतात, आणि तरी तो डोंगरावरचा की तळ्याकाठचा, झाडावरचा की जमिनीवरचा, हे आता कुणालाच सांगता येत नाही. ज्या जागेने तो घडवला ती जागाच गेली. चिठ्ठीविना कोळी मारणं मला म्हणून सहन होत नाही. तो जीव घेऊन आपण काहीही मिळवलेलं नसतं.

परतल्यावर हिवाळाभर सूक्ष्मदर्शकाखाली काम चालतं. बहुतेक कुप्या प्रजातीपर्यंत जातात, बऱ्याच जातीपर्यंत, काही कुळावरच अडून राहतात. काठच्या चिखलातून आणलेल्या लांडगा-कोळ्यांत एक नर आहे. त्याच्या पाल्पची घडण मला कुठल्याच प्रसिद्ध आकृतीशी जुळवता आलेली नाही. नर एकच, मादी एकही नाही. एवढ्यावरून नवी जात म्हणणं घाईचं होईल. चिठ्ठी सांगते की तो गवत आणि देवधान यांच्या मधल्या पट्ट्यात, जिथे पाणी नुकतंच ओसरलं होतं तिथे, पुंजका दाबल्यावर वर आला. म्हणजे मादी शोधायची तर तो पट्टा, आणि कदाचित नवरात्रापर्यंत न थांबता, पाणी अजून चढतं असताना. रोवणी आटोपल्यावर येऊ का, असं विचारणारं पत्र ग्रामसभेला दिलं आहे. वनखात्याच्या परवानगीची मुदत वाढवून घ्यायची आहे, आणि डोंग्यासाठी भाऊंना फोन करायचा आहे.